मामाच्या नावावर

घरात गेमच्या विरोधात सगळ्यात जास्त तोंड चालायचं ते डॉक्टरीणबाईंचं. ती दातांची डॉक्टर. दवाखान्यात आलेल्या आईबापांना ती औषधाच्या चिठ्ठीसोबत फुकटचा सल्लाही देई, मुलांच्या हातातून ती खेळणी काढून घ्या, डोळे जातात, मान जाते, झोप तर जातेच. घरी तर तिचाच कायदा चाले. सहावीतल्या लेकीला संध्याकाळी शाळेतून आल्यावर तासभर कन्सोल मिळे, त्यापुढे मिनिटभरसुद्धा नाही.

लेकीला सगळे मुंगी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं. पण त्या तासात ती सोफ्याच्या कोपऱ्यात साखरेला चिकटल्यासारखी बसे. तिचा एकच लाडका गेम होता. एक ओसाड बेट मिळतं, त्यावरचं रान काढायचं, झरे मोकळे करायचे, पूल बांधायचे. आईनेच तो वाढदिवसाला घेऊन दिला होता, आईच्याच खात्यावरून, आणि वर अर्धा तास भाषणही दिलं होतं.

घरात चौथा माणूस म्हणजे डॉक्टरीणबाईंचा धाकटा भाऊ. तो नाटकांना ध्वनीची साथ करणारा. ज्या नाट्यगृहात तो होता ते दुरुस्तीसाठी म्हणून बंद झालं आणि दुरुस्ती काही सुरू होईना, तेव्हा ताईने त्याला जिन्याशेजारची खोली दिली. नवऱ्याने हरकत घेतली नाही, पण जेवताना "मग, आज कामाचं काही कळलं का?" हे विचारणं कधी चुकवलं नाही. भाऊ हसून म्हणे, "बघतोय भावोजी," आणि मान खाली घालून जेवे.

एके दुपारी दवाखान्यातला कॉम्प्रेसर बसला. दात कोरायचं यंत्रच चालेना. ताईने पेशंट परत पाठवले आणि भावाला फोन केला, कारण वायरी आणि नळ्या यांतलं त्याला कळायचं. त्याने उघडून पाहिलं, एक भाग बदलायला लागेल म्हणाला, तो आणायला मेकॅनिक गेला. दोघं नुसती बसून राहिली. ताई टेबलावर बोटं वाजवायला लागली.

"तू रिकामी बसलीस की मला भीती वाटते," भाऊ म्हणाला. त्याने पिशवीतून आपला जुना कन्सोल काढला. "घे. डावीकडची कळ जरा अडकते, पण चालतो."

"मला काय करायचंय ते?"

"बघ तर. मुंगीचा गेम तुझ्याच खात्यावर आहे, आणि आपण सगळे एका फॅमिली ग्रुपमध्ये आहोत. तोच इथे उतरवून देतो. बेट तुझं वेगळं, मुंगीचं वेगळं, त्याची काळजी नको. फक्त एक लक्षात ठेव. गेम एकच विकत घेतलाय, तेव्हा एका वेळी एकालाच खेळता येईल. घरात एकच छत्री आहे असं समज. तू उघडलीस की तिने भिजायचं."

मेकॅनिक परत आला तेव्हा ताईने त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. तिने निम्मं रान साफ केलं होतं आणि झऱ्यावरचा एक दगड हलता हलत नव्हता.

"राहू दे तुझ्याकडेच," जाताना भाऊ म्हणाला. "मी काही सांगणार नाही कुणाला." तो चेष्टेनेच म्हणाला होता. तिला मात्र हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं का वाटावं हा विचार तिने तिथेच दाबून टाकला.

कन्सोल दातांच्या साच्यांच्या कपाटात, साच्यांच्या मागे गेला. दुपारची मोकळी वेळ बेटावर जाऊ लागली. त्यात चोरी कसली, मुंगी तेव्हा शाळेत असे. पण पेशंट काही घड्याळ बघून येणं रद्द करत नाहीत. एका संध्याकाळी खुर्ची रिकामी पडली, ताईने कपाट उघडलं, गेम सुरू केला, आणि पडद्यावर प्रश्न आला, हा गेम दुसऱ्या कन्सोलवर चालू आहे, इथे सुरू केला तर तिथला थांबेल, करायचा का? तिने कन्सोल खाली ठेवला. पुन्हा उचलला. दोन मिनिटांनी काय होतंय, असं स्वतःशी म्हणून तिने "हो" दाबलं.

घरी आल्यावर मुंगी म्हणाली, "आई, आज गेम मध्येच बंद पडला."

"नेटवर्क असेल," आई म्हणाली. इतक्या सहज, की तिचं तिलाच नवल वाटलं.

नंतर तो प्रश्न आला की लिफ्टचं बटण दाबावं तसं ती "हो" दाबू लागली. रोज नाही, पण अधूनमधून. दुसरा गेम विकत घ्यायला तिला कुणी अडवलं नव्हतं. पण विकत घेतला असता म्हणजे आपण गेम खेळतो हे मान्य करावं लागलं असतं. निदान स्वतःपाशी तरी.

मग तो शनिवार आला. गेममध्ये बेटाबेटांमधली होड्यांची शर्यत होती. मुंगी आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणी यांची एक टोळी होती, आणि त्यांनी कितीतरी दिवस शर्यतीची तयारी चालवली होती. मुंगीने आईची मुद्दाम परवानगी काढली होती आणि आईने चहा गाळता गाळता "बरं" म्हटलं होतं. ते "बरं" दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिच्या डोक्यातून गेलंही होतं. संध्याकाळचा पेशंट आला नाही. तिने कपाट उघडलं. प्रश्न आला. तिने "हो" दाबलं आणि मजेत पुलाच्या फळ्या ठोकत बसली.

रात्री जेवायला बसले तेव्हा मुंगीचे डोळे सुजले होते. ताटात ती नुसता चमचा फिरवत होती.

"काय झालं गं?" बाबांनी विचारलं.

"मामाला विचारा."

भाऊ नुकताच बाहेरून येऊन हात पुसत बसला होता. "मला? मी काय केलं?"

"शर्यत चालू होती, आणि तू माझा गेम घेतलास!" मुंगी भडाभडा बोलू लागली. "आम्ही पहिल्या होतो. माझीच होडी पुढे होती. माझी बंद पडली आणि सगळ्यांची हरली. त्या आता माझ्याशी बोलत नाहीयेत. मी नीट वाचलं या वेळी. नेटवर्क नव्हतंच. ‘हा गेम मामा या कन्सोलवर सुरू झाला आहे’, असं लिहून आलं होतं!"

डॉक्टरीणबाईंना आता आठवलं. जुन्या कन्सोलवर भावाचंच नाव होतं, ते बदलायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

भावाने ताईकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती आता बोलेल, हसून कान पकडेल, सगळे तिची टर उडवतील आणि विषय संपेल, एवढीच वाट तो बघत होता. ताईने पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, तळ दिसेपर्यंत प्यायली.

"चुकलं गं मुंगे," भाऊ शेवटी म्हणाला. "लक्षात नाही राहिलं."

ताई गप्प राहिली असती तरी एक वेळ ठीक होतं. पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं, आणि भीतीने तिची जीभ सुटली. "काही वाटायला पाहिजे तुला," ती भावाला म्हणाली. "लहान पोरीच्या हातचं काढून घेतोस? एवढा घोडा झालास!"

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान हलवली आणि पुढे जेवला. मुकाट्याने, सगळं संपवून.

जेवणानंतर ती ओट्याशी भांडी विसळत होती. नवरा दाराशी येऊन उभा राहिला.

"तुला सांगणार होतो, बरं झालं नाही सांगितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझा तो मित्र आहे ना, नव्या सभागृहाचा व्यवस्थापक, त्याला ध्वनीसाठी माणूस हवाय. मी तुझ्या भावाचं नाव सुचवणार होतो. पण काम शोधायच्या वेळी हा गेम खेळत बसतो. उद्या तिथे असंच केलं तर माझं तोंड काळं. नकोच ते."

आता बोल, तिने स्वतःला सांगितलं. हातावरून पाणी वाहत होतं. नवरा थांबलाही होता जरा, जणू तिचं मत ऐकायला. "तुला योग्य वाटेल ते कर," ती म्हणाली.

तो गेला आणि तिला आपल्या हातांचीच किळस आली. साबणाने धुतलेलेच हात होते.

दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला आला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मुंगीने बाबांकडे हट्ट धरून मामाला ग्रुपमधून काढून टाकायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात कपाट उघडलं तर कन्सोलवर गेमचं चित्र करडं पडलेलं होतं. भावाला ग्रुपमधून काढलं होतं आणि शिक्षा पोचली होती तिच्या कपाटात. पेशंट बाहेर थांबला होता. तिचा चेहरा असा तापला होता की मदतनीस बाईंनी विचारलं, "ताप आहे का मॅडम?"

त्याच दुपारी ती भावाला शोधत गेली. तो एका दोस्ताच्या दुकानात मागच्या बाजूला, फाटलेल्या स्पीकरांच्या ढिगात बसून तारांना डाग देत होता. तिला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

"तू का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. माफी मागायला आली होती आणि तोंडातून निघाला तो जाबच.

"मी?" तो हसला. "मी कुणाला सांगणार नाही म्हटलं होतं ना. आणि खरं सांगू का ताई, मला वाटलं तू बोलशील. पाणी प्यायलीस तेव्हाही वाटलं, पेला खाली ठेवशील आणि बोलशील."

ती स्टुलावर बसली.

"गेमचं काय एवढं. पण ‘काही वाटायला पाहिजे तुला’ म्हणालीस ना, ते लागलं."

"भावोजी तुझं नाव एका ठिकाणी सुचवणार होते," ती म्हणाली. "त्यांनी नाही सुचवलं. त्या शनिवारमुळे. मी तिथे उभी होते आणि मी..." पुढचं तिला उच्चारता येईना. ती मान खाली घालून रडली. दुकानातला दोस्त उगीचच बाहेर जाऊन उभा राहिला.

भावाच्या हातातलं काम मात्र थांबलं. हे त्याला माहीत नव्हतं. "हे जरा जास्त झालं, ताई," एवढंच तो म्हणाला.

"आज सांगते. आज जेवताना. तू ये."

"मी नाही येणार. तू माझ्यासमोर कान पकडायचेस आणि मी राहू दे, राहू दे म्हणायचं, मला नाही जमणार ते."

संध्याकाळी तिने कन्सोल साच्यांच्या मागून काढला आणि पिशवीत न लपवता हातात धरून घरी आणला. ताटं वाढण्याआधीच तो टेबलावर ठेवला. "हा माझ्याकडे असतो," ती म्हणाली. "मामाने मला दिला होता, दवाखान्यात. शनिवारी मी खेळत होते. त्याच्या आधी जेव्हा जेव्हा बंद पडला तेव्हाही मीच."

मुंगीला आधी खरंच वाटेना. "तू? गेम?" तिने कन्सोल चालू करून पाहिलं. गेम उघडला नाही, पण बेटावर घालवलेले तास अजून दिसत होते. मग ती बावरल्यासारखी म्हणाली, "आई, तुझे तास माझ्यापेक्षा जास्त आहेत." आणि थोड्या वेळाने, "मामाला मी किती बोलले." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून आत गेली.

नवरा आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं विचारलं, "त्या दिवशी ओट्याशी तुला माहीत होतं?" तिने मान डोलावली. तो उठला आणि तिथल्या तिथे मित्राला फोन लावला. फोन लवकरच संपला. माणूस कालच ठेवला होता.

भावाला पुढे काम मिळालं, पण ते त्याचं त्यानेच मिळवलं. गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत. सामान न्यायला आला तेव्हा भावोजींनी त्याची पेटी स्वतः खाली नेली आणि जिन्यात त्याचा हात धरून काहीतरी पुटपुटले. मुंगीने बाबांना सांगून त्याला ग्रुपमध्ये परत घेतलं होतं, ते त्याला दाखवलं, मिठी मारली. ताईने उशीची खोळ घडी करून दिली. "पोचलास की फोन कर," ती म्हणाली. "करतो," तो म्हणाला, आणि केलाही, पण भावोजींना.

मैत्रिणींशी मुंगीची गट्टी जमली. खरं कारण तिने त्यांना सांगितलं असणार, कारण शाळेच्या फाटकाशी त्या मुली डॉक्टरीणबाईंना बघून एकमेकींना कोपर मारत आणि "नमस्ते काकू" जरा जास्तच गोड म्हणत. पेशंटना द्यायचा गेमवरचा सल्ला तिने बंद केला. एका आईने आपणहून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय सांगणार," आणि दिव्याची दिशा बदलू लागली.

मुंगी तिच्यावर रुसली नाही, कधी टोमणाही मारला नाही. फक्त संध्याकाळी कन्सोल हातात घेतला की आता ती दवाखान्यात फोन करते. "आई, मी सुरू करू ना? तू नाहीयेस ना खेळत?" अगदी साधा आवाज, कुणाला अडचण होऊ नये म्हणून विचारावं तसा. जुना कन्सोल भाऊ केव्हाच घेऊन गेला, हे तिला ठाऊक आहे. तरी विचारते. आणि रोज डॉक्टरीणबाई पेशंटकडे पाठ करून, हळू आवाजात सांगते, "नाही गं. खेळ तू."