नोलचा रकाना

टीनुस डोंकर्सनं नवा डीव्हीडी प्लेअर घेतला तो सिनेमे बघायला, असं त्याच्या बायकोला, मीपला, वाटलं होतं. एकतीस वर्षांच्या संसारानंतरही बाईमाणसाची आशा सुटत नाही ती अशी. तीन आठवड्यांत त्या प्लेअरवर एकही सिनेमा पहिल्या सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही.

आइंडहोवनच्या टीव्हीच्या कारखान्यात टीनुसनं चौतीस वर्षं काढली होती, सगळी तपासणीत. समोर टीव्ही येऊन थांबायचा, पडद्यावर पांढऱ्या रेषांची जाळी उमटायची. रेष सरळ आहे का, तीन रंग एकमेकांवर नीट बसलेत का, कोपरे ताणलेत का हे बघायचं आणि कार्डावर खूण करायची. असे किती टीव्ही झाले, हे तो विचारल्याशिवायही सांगायचा. तो निवृत्त झाला आणि मागोमाग पिक्चर ट्यूबही निवृत्त झाली. घरात भिंतीला टेकलेला सपाट टीव्ही आला, आणि इतकी वर्षं जपलेल्या डिस्क त्याच्यावर धुतलेल्या वर्तमानपत्रासारख्या दिसायला लागल्या. जुन्या डिस्कवर चित्राच्या रेषा पाचशे शहात्तर, पडद्यावर जागा एक हजार ऐंशी रेषांची. नवा प्लेअर या मधल्या कमी पडणाऱ्या रेषा स्वतः तयार करतो, असं खोक्यावर लिहिलं होतं.

"म्हणजे मनानं भरतो," नोल स्मूल्डर्स म्हणाला. "आपल्या पाद्रीबाबासारखं. आपण दोन पापं सांगायची, मधली पाच तो जोडणार."

नोल हा टीनुसचा कारखान्यातला जोडीदार. एकाच बाकावर दोघं बसायचे. नोलचा डावा डोळा जन्मापासून नावालाच होता. उजव्यावर त्यानं सगळी नोकरी केली आणि वर तोंड करून सांगायचा, "मला एकच डोळा आहे, म्हणून माझं एकमत असतं. तुझे दोघं आपसात भांडतात."

ही नुसती बढाई नव्हती. एक्क्याऐंशी साली टीनुसनं चाळीस टीव्ही पास केले आणि नोलनं चाळीसच्या चाळीस अडवले. निळा रंग केसभर डावीकडे सरकलाय म्हणाला. टीनुस फोरमनसमोर अर्धा तास तावातावानं भांडला. मग मोजमाप झालं. निळा रंग केसभर डावीकडे सरकला होता. त्या दिवसापासून टीनुसनं आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर शंका घेतली, त्यात मीपचा स्वयंपाक आला, चर्च आलं, सरकार आलं. नोलचा डोळा मात्र त्यानं त्या यादीत कधी घातला नाही.

तेव्हा नव्या प्लेअरची परीक्षा नोलशिवाय होणं शक्यच नव्हतं. दर गुरुवारी दुपारी पडदे ओढले जायचे, तपासणीची डिस्क लागायची आणि टीनुस वही उघडायचा. वहीत तारीख, प्लेअर, तार, आणि पुढे दोन रकाने: टीनुस, नोल. कारखान्यातला नियमही तोच ठेवला होता. प्रत्येक टीव्हीला दोन तपासनीस. दोघांपैकी एकालाही खोट दिसली तर टीव्ही परत. वाद घालायचा नाही, टीव्ही परत. यंत्र परत पाठवायचा रकाना कार्डावर होता. माणूस परत पाठवायचा नव्हता.

बारा ऑक्टोबरच्या गुरुवारी पडद्यावर जाळी आली आणि नोल म्हणाला, "मधली रेष वाकलीय."

"कुठली?"

"मधली म्हटलं ना. इथं पोट आलंय तिला. तुझ्यासारखं."

टीनुस उठला, पोलादी पट्टी आणली, पडद्याला लावली. "सरळ आहे."

"पट्टी सरळ असेल. रेष वाकडी आहे."

"अरे, सपाट पडद्यावर रेष वाकेल कशी? आत ट्यूब नाही, चुंबक नाही, काही नाही!"

"ते मला कशाला विचारतोस? मी बघतो फक्त. कारणं शोधायचा पगार तुला होता का मला?"

टीनुस रात्रभर विचार करत राहिला नाही. त्याला पाच मिनिटंच लागली. हा प्लेअर मधल्या रेषा मनानं भरतो. मनानं भरणारा चुकणारच. त्याला स्वतःला बाक दिसत नव्हता, पण निळाही दिसला नव्हता. वहीत नोलच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'मध्यभागी बाक', आणि सोमवारी प्लेअर दुकानात परत केला. दुकानातल्या मुलीनं तो लावून पाहिला, मान हलवली आणि म्हातारा माणूस म्हणून बदलून दिला.

दुसऱ्या प्लेअरवर बाक वाढला. डिसेंबरात बारीक रेषांचा तक्ता लावला. टीनुस शेवटच्या गटापर्यंत रेषा मोजू शकत होता. नोल दोन गट आधी थांबला. "पुढे नुसता रस्सा आहे," तो म्हणाला. टीनुसनं ते आदरानं लिहून घेतलं.

त्याच महिन्यात पत्ते खेळताना नोलनं बदामाच्या जागी चौकट टाकली, आणि कॉफी ओतताना कप सोडून बशीत ओतली.

"वय झालं तुझं," टीनुस म्हणाला.

"तुझ्या घरातले कप लहान झालेत. कंजूष कुठला!"

नोल गेल्यावर मीप बशी धुताना म्हणाली, "त्याला चष्मा बदलायला सांग की."

"कुणाला? नोलला?" टीनुस हसला. "त्याचा एक डोळा आणि आख्ख्या आइंडहोवनचे डोळे एका पारड्यात टाक, बघ काय होतं."

"मला काय दिसायचंय? मला त्या सिनेमाचं सातवं मिनिटसुद्धा दिसलेलं नाही अजून."

तिसरा प्लेअर फेब्रुवारीत आला. तेव्हा नोलला जाळीच्या मधे राखाडी डाग दिसायला लागला होता. टीनुसनं आलेख काढला. त्याच्या स्वतःच्या रकान्याची रेष ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आडवी, टेबलासारखी सपाट. नोलची रेष जिन्यासारखी खाली उतरणारी. तीन वेगळे प्लेअर, दोन तारा, एकच टीव्ही, आणि दोन माणसं. यात बदलत काय होतं हे दहावीतल्या पोरानं सांगितलं असतं. टीनुसनं निष्कर्ष काढला की हल्ली माल उत्तरोत्तर वाईट येतोय, आणि प्लेअर बनवणाऱ्यांना आलेख जोडून चार पानी पत्र पाठवलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. गुरुवारी त्यानं ते नोलला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"'आपण पाठवलेल्या नोंदी अत्यंत काटेकोर आहेत. परत आलेल्या दोन्ही यंत्रांत आम्हाला दोष आढळला नाही. दोन निरीक्षकांत एवढी तफावत असल्यास कृपया दुसऱ्या निरीक्षकाची दृष्टी तपासून घ्यावी.'"

"दुसरा निरीक्षक म्हणजे मी?"

"तूच."

"चौतीस वर्षं मला कुणी नापास केलं नाही, आणि हा दूध पिणारा मला चष्मेवाल्याकडे पाठवतोय! वय काय असेल रे याचं?"

"सही बघ ना. गोल गोल. पोरीसारखी."

"कुठाय सही?" नोल कागद नाकाशी नेऊन तिरका धरून बघायला लागला. त्या अवतारावर दोघं इतके हसले, इतके हसले, की मीप आतून बघायला आली. टीनुसनं पत्र कपाटात ठेवून दिलं. पुढे कधीतरी आणखी एकदा हसायला.

मार्चमध्ये नोल सायकलवरून पडला. मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलच्या वाटेवर मधोमध खांब रोवलेला असतो, लाल-पांढरा, चार वर्षांच्या पोराला दिसेल असा. नोल सरळ त्याच्यावर गेला. मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, खांब दिसला नाही का, तर नोल म्हणाला, "खांब नव्हताच तिथं." मग त्याला डोळ्यांच्या विभागात पाठवलं. नोलच्या बायकोला, ट्रूसला, गाडी चालवता येत नव्हती, म्हणून टीनुस घेऊन गेला आणि आत मागच्या खुर्चीवर बसला.

डॉक्टरीणबाईंनी नोलच्या हातात एक पुठ्ठा दिला. "मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा कशा दिसतात?"

टीनुसला पुठ्ठा मागूनही दिसत होता. चौकटींची जाळी. सरळ रेषा, आडव्या आणि उभ्या.

"मधे वाकलेल्या," नोल म्हणाला. "आणि ठिपका कुठाय?"

"हे कधीपासून?"

"झाले असतील आठ-दहा दिवस. त्याआधी टीव्हीवर वाकड्या दिसायच्या, पण ती याच्या प्लेअरची खोट होती."

डॉक्टरीणबाईंनी टीनुसकडे पाहिलं. "टीव्हीवर कधीपासून?"

टीनुसला खोटं बोलता आलं असतं. 'लक्षात नाही' एवढे दोन शब्द पुरे होते, आणि पासष्टीच्या माणसाकडून ते कुणीही पत्करले असते. पण तारीख विचारली की तारीख सांगायची, ही चौतीस वर्षांची सवय त्याच्या आधी बोलली.

"बारा ऑक्टोबर."

"एवढं नक्की कसं आठवतं?"

"लिहिलेलं आहे. दर आठवड्याचं लिहिलेलं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या नोलला सावकाश सांगत राहिल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली रक्तवाहिन्या पाझरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आला असतात तर डोळ्यात इंजेक्शन देऊन पुष्कळ थोपवता आलं असतं. आता मधे व्रण झालाय. इंजेक्शन देऊ, कडेचं राहील, चालता-फिरता येईल. वाचणं नाही. चेहरे नाहीत.

परतताना गाडी थांबवावी लागली. कालव्यावरचा पूल उठलेला होता आणि एक वाळूची बोट सावकाश चालली होती.

"तुला कधी कळलं?" नोलनं विचारलं.

"आत्ता. त्या पुठ्ठ्यावर."

"त्याच्या आधी नाही?"

"नाही रे. देवाशपथ नाही."

"तेच तर," नोल म्हणाला. "कळून गप्प बसला असतास तर तुला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या."

"दे की."

"काय देऊ? तू माझं ऐकलंस. मी म्हटलं रेष वाकडी, तू म्हणालास वाकडी. एक्क्याऐंशी साली भांडलास तसा एकदा, एकदाच भांडला असतास, टीनुस."

पूल खाली आला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा टीनुसला गाडी सुरू करायची आठवण झाली.

ट्रूसला त्यानं स्वतः सगळं सांगितलं, स्वयंपाकघरात उभं राहून, प्लेअरसकट, पत्रासकट. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. ती फक्त मोजत गेली.

"तीन यंत्रं आणलीस."

"हो."

"दुकानात तीन वेळा गेलास. डोळ्याच्या डॉक्टरकडे एकदा नाही."

"मला वाटलं—"

"नाही, तुला वाटलं नाही. तुला वाटलं असतं तर बरं झालं असतं." तिनं ओटा पुसायला घेतला, जो कोरडाच होता. "त्यानं परवा मला विचारलं, ट्रूस, तू केस कापलेस का? मी आठ वर्षांत केस कापलेले नाहीत."

पुढचे दोन गुरुवार टीनुस घरीच बसला. मीपनं न सांगता एक सिनेमा लावला आणि तो शेवटपर्यंत चालला. नावं वर सरकायला लागली तेव्हा ती म्हणाली, "चांगला होता, नाही?" टीनुस हो म्हणाला. काय झालं त्यात, असं तिनं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो नोलकडे गेला. त्या भागात आपलं माणूस मागच्या दारानं येतं. गल्लीतून, परसातल्या फाटकातून, थेट स्वयंपाकघरात, हाक मारत. पुढच्या दाराची घंटा असते ती पोस्टमनसाठी आणि मतं मागायला येणाऱ्यांसाठी. सदतीस वर्षांत टीनुसनं ती घंटा कशी वाजते हे ऐकलेलं नव्हतं.

फाटकाला आतून कडी होती. त्यानं दोनदा हलवून पाहिली. खिडकी उघडी असावी, कारण आतून नोलचा आवाज आला, "ट्रूस, मागे कोण आहे गं?"

"कुणी नाही," ट्रूस म्हणाली. "वारा आहे."

हाक मारली असती तर नोलनं ऐकली असती. टीनुसनं मारली नाही. गल्लीला पूर्ण वळसा घालून तो रस्त्यावर आला, पुढच्या दाराशी उभा राहिला आणि घंटा वाजवली. बऱ्याच वेळानं ट्रूसनं दार उघडलं. त्याच्याकडे बघितलं, बाजूला झाली, आणि पाहुण्याचा घ्यावा तसा दोन्ही हातांनी त्याचा कोट घेतला.