चातुर्मासातली अळी

"काल दवा मारली, परवा मारली, अन् हा किडा आत जावयासारखा बसून आहे."

भिंतीपलीकडे फुलेश्वरी स्वतःशीच कुरकुरत होती. कुरकुरत होती छत्तीसगढीत, पण इतक्या वर्षांच्या शेजारानं वनमालाला ते आपोआप मराठीत ऐकू यायचं. भिंत छातीएवढी. अलीकडे वनमाला धुणं वाळत घालत होती, पलीकडे फुलेश्वरी वांग्यांच्या ओळीत उकिडवी बसली होती.

छत्तीसगढातल्या या बीरगांवात भाजीला काही झालं की दोष धुराचा. कारखान्यांची काजळी पानांवर बसते हे खरंच, त्यामुळे दुसरीकडे बघायची कुणाला गरज पडत नाही. फुलेश्वरीच्या बाडीतल्या, म्हणजे परसातल्या, वांग्यांचे शेंडे माना टाकायला लागले तेव्हा बंडूनं, म्हणजे वनमालाच्या नवऱ्यानं, भिंतीवरून तिला धूरच सांगितला होता. वनमाला तेव्हा गप्प राहिली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बरणी होती, आणि बरणीत काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

वनमाला नववीपुढे शिकली नव्हती. पण झाडावर काय बसतं, काय खातं, हे बघत राहायची तिला खोड. आपल्या परसातलं एक भोक पडलेलं वांगं तिनं बरणीत टाकलं, वर वाळकी पानं घातली आणि तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधला. वांग्यातून गुलाबी, लठ्ठ अळी बाहेर आली. एका पानाच्या घडीत तिनं मळकट कोश विणला. मग एका सकाळी बरणीच्या काचेवर इवलासा पांढरा पतंग बसलेला. पंखांवर चहा सांडल्यासारखे डाग, आणि शेपटाकडचा भाग असा वर उचललेला की जणू आपलंच घर आहे.

मग वनमाला पानं उलटून बघू लागली. मादी बहुतेक पानाखाली अंडी घालते. अळी निघाली की उन्हात थांबत नाही, कोवळ्या शेंड्यात शिरते, नाहीतर सरळ वांग्यात, आणि मागचं भोक स्वतःच्या विष्ठेनं बुजवून टाकते. फुलेश्वरीची दवा पडत होती छपरावर, आणि खाणारी बसली होती माजघरात.

या अळ्या आल्या कुठून, तेही बरणीनंच सांगितलं होतं.

वनमालाचे सासरे नाना, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झालेले, चातुर्मास कडक पाळायचे. आषाढी एकादशीपासून, चातुर्मास संपल्यावरही थेट चंपाषष्ठीपर्यंत, वांगं नाही. तसे पुष्कळ लोक पाळतात. पण नानांच्या नेमाला आणखी एक शेपूट होतं: वांगं तोडायचंही नाही. तोडलं की कुणाला तरी द्यावं लागेल, आणि जे आपण खात नाही ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचं नाही. आजवर त्यानं कुणाचं बिघडलं नव्हतं, कारण वांगी लावायचेच उशिरा. यंदा मात्र चंपाषष्ठीला खंडोबापुढे घरच्या वांग्याचं भरीत ठेवायचं म्हणून त्यांनी गावाकडून, आर्वीहून, बी मागवलं आणि घाईनं लावून घेतलं. झाडं लदबदली. कुणी तोडलं नाही. वांगी पिवळी पडली, किडली, गळली, सडली. अळ्या खालच्या पालापाचोळ्यात कोश करून निजल्या आणि पतंग होऊन उठल्या. त्यांना छातीएवढी भिंत ती काय.

बंडूनं बरणी पाहिली आणि फेकून दे म्हणाला. नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली आणि यंदा धूर फार आहे म्हणाले.

आज भिंतीपलीकडून फुलेश्वरीचं पुढचंही ऐकू आलं. उद्या सगळी झाडं उपटणार होती ती. तिचा नवरा म्हणत होता की हिच्या हातालाच बरकत राहिली नाही. गेला हंगामभर जी बाई मूठभर बियांतून अख्ख्या गल्लीला भाजी वाटत होती, ती आता आपले तळवे उलटसुलट करून बघत होती.

वनमालानं ओलं लुगडं बादलीतच टाकलं. कात्री घेतली, घमेलं घेतलं आणि आपल्या परसातल्या वांग्यांत शिरली.

दारातल्या खुर्चीतून नाना म्हणाले, "काय करून राहिली सूनबाई?"

"वांगी तोडून राहिली."

"चातुर्मास आहे."

"हव. देव झोपला आहे, नाना. अळी नाही झोपली."

बंडू चहाचा कप घेऊनच बाहेर आला. हळूच म्हणाला, महिनाभर तर उरला चंपाषष्ठीला, आणि भरिताला काय ठेवशील? ती म्हणाली, खायला नाही तोडत, खोल पुरायला तोडते. मान टाकलेले शेंडे तिनं कचाकच कापले, खालची सडकी वांगी वेचली, पाचोळा ओढून घमेल्यात भरला. नाना म्हणाले, पाप लागेल. ती म्हणाली, माह्या नावावर लिहा. नाना म्हणाले, मी आज जेवणार नाही. ती म्हणाली, खिचडी झाकून ठेवते, भूक लागली की घ्या. वाकलेली पाठ तिनं सरळ केली नाही, की आवाज चढवला नाही.

या गडबडीनं फुलेश्वरीचं डोकं भिंतीवर आलं. घमेल्यातली वांगी तिनं पाहिली. भोकं तिच्या ओळखीची होती. तुम्ही लोक तर आत्ता भटा, म्हणजे वांगं, खात नाही, मग काहून तोडून राहिलात, दीदी, असं तिनं विचारलं, आणि विचारताना बंडूकडेही बघितलं.

बंडू म्हणाला, "धूर, दुसरं काय. इकडंही तेच."

नाना खोकले. खोकल्यात होकार होता.

वनमालानं घमेल्यातलं एक वांगं उचललं, भिंतीवर ठेवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी उकललं. आतून गुलाबी अळीनं डोकं काढलं. वनमालानं आधी नानांकडे पाहिलं, मग फुलेश्वरीकडे.

"धूर नाही, फुलेश्वरी. तुह्या हाताले काही झालं नाही. नेम आमच्या नानांनी पाळला, आम्ही सगळे माहीत असून चूप बसलो, अन् ही अळी आमच्या घरातून तुह्या बाडीत गेली."