आबांनी दोरे काढले

तुळशीचं त्या रविवारी काय झालं ते ऐका तर खरं. तिचे आबा, महिपती, अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. गावचं भजन सोडलं तर माणूस जन्मात कधी गाण्याला गेलेला नाही. आणि पोरगी दोन वर्षं सुहासिनीबाईंकडे गाणं शिकतेय, तीही आईच्या जिवावर. मॅट्रिक झाली तशी आबांनी सांगून टाकलं, "एक बैठक ऐकतो. पटलं तर जूनपासून जा. नाही तर शिवणाच्या क्लासला नाव घालतो."

झालं. रविवारी सकाळी नऊला बाईंच्या बंगल्यात कल्याणचे एक बुवा गाणार होते, ऐकायला आबांच्या कारखान्यातले साहेबलोकही येणार होते आणि मागे तंबोऱ्यावर पहिल्यांदाच तुळशी बसणार होती. आदल्या दिवसापासून तिला जेवण गेलं नव्हतं. आबा मात्र आठलाच हजर. पहिल्या रांगेत, तंबोऱ्याला गुडघा टेकेल असे बसले.

"कधी चालू होणार?"

"नऊला."

"मग हे लोक आत्तापासून कशाला बसलेत?"

"आबा, तुम्हीपण बसलाय."

"मी चेकिंगला आलोय."

तुळशीने कपाळाला हात लावला. बाईंनी तंबोरा जुळवून आडवा ठेवला आणि चहाचे कप भरायला तिला आत बोलावलं. पाच मिनिटं, जास्त नाही. ती बाहेर येते तर आबा रुमालाला बोटं पुसतायत, बंद पडलेलं मशीन चालू केल्यासारखा चेहरा करून.

"काय केलंत?"

"खरखर होती. तारांखाली दोरे अडकलेले, चारीच्या चारी. काढले. एवढी शिकलेली माणसं, एकाला दिसू नये."

तुळशीने वाकून पाहिलं, तारांखाली एकही दोरा नाही. ते दोरे बाईंनी पाव तास केसाकेसाने सरकवून बसवले होते. त्यांच्यामुळेच तर तार झणझणते, त्यालाच जवारी म्हणतात. पण आबांचा अख्खा जन्म खरखर बंद करण्यात गेलेला. इथे लोक ती मुद्दाम करतात हे त्यांना कोण सांगणार?

"कुठेयत ते?" तिने हळूच विचारलं, तेवढ्यात बुवा येऊन बसलेच. तंबोरा तिच्या मांडीवर आला. तिने तार छेडली. टक. दुसरी छेडली. टक. फळीवर बोट आपटावं तसं.

बुवांनी मान वळवली. "जवारीचे दोरे कुठे गेले, मुली?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आबांचं नाव सांगावं तर कारखान्याच्या साहेबलोकांसमोर त्यांची शोभा, ते उठून जाणार आणि गाणं तिथेच संपलं. गप्प बसावं तर बाई म्हणणार पोरगी निष्काळजी, परत तंबोऱ्याला हात लावू देणार नाहीत.

"मी काढले," आबा म्हणाले. बसल्या जागेवरून, अगदी शांतपणे. खिशातून त्यांनी कागदाची घडी काढली, तिच्यात चार दोरे ओळीने. "मशीनचं काढलेलं आम्ही फेकत नाही. हा पहिल्या तारेचा, हा दुसरीचा."

मागे कोणीतरी हसलं. बाईंनी ओठ घट्ट मिटले. बुवांनी मात्र तंबोरा जवळ ओढून दोरा तारेखाली घातला, जरा सरकवला, छेडला. टक. अजून एक केसभर सरकवला, आणि तार एकदम बोलायला लागली, खोली भरून.

"परत करा," आबा म्हणाले. चक्क बुवांना. "मागे घ्या, परत पुढे आणा."

तुळशीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. बुवांनी करून दाखवलं, बाकीचे तीन दोरेही बसवले.

मग दोन तास गाणं झालं. लोक माना डोलवत होते, वा वा म्हणत होते. आबांनी बुवांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मान वाकडी करून नजर त्या दोऱ्यांवर.

घरी जाताना तुळशीला राहवेना. "कसं वाटलं?"

"बुवा तासभर एकच ओळ घासत होते. काय कळलं नाही."

"मग शिवणाचा क्लास?"

"कोण म्हणालं? जूनपासून जा. पण आधी तो दोरा बसवायला शीक."

तुळशीचा जीव भांड्यात पडला, तो दहा पावलं टिकला.

"शनिवारी दुपारी मी मोकळा असतो. मीपण येतो."

"क्लासला? आबा, तिथे सगळ्या मुली असतात."

"असू देत. मी कोपऱ्यात बसेन. दोरा सुतीच का गं? रेशमी लावला तर?"

"आबा."

"आणि जाडी किती? कोणी मोजलीय का कधी?"

तुळशी भराभर पुढे चालायला लागली. मागून आबांचा आवाज आला, "तुळशे, थांब की. बाईंना विचारून ठेव, मी मायक्रोमीटर घेऊन येतो."