परातीतलं कासव

कौसल्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत कधी गेला नव्हता. सोमवार, एकादशी, संकष्टी, एकही उपास न मोडणारी बाई. राग आला तरी देवासमोर बसून गिळायची. त्या बुधवारी मात्र हुडकेश्वरच्या अख्ख्या गल्लीनं तो ऐकला.

नऊ वर्षांच्या भूमिकाला कुत्रं हवं होतं. तिचे बाबा, धर्मेंद्र, म्हणाले, "कुत्र्याचे केस देवघरात येतीन, मांजर दुधात तोंड घालीन." आणि कुण्या ओळखीच्याकडून त्यांनी पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं कासव आणलं. "ना भुंकणं, ना केस. पोरीले खेळणं, घरात लक्ष्मी!"

देवघरात पितळेचं कासव पाण्यात ठेवतात, म्हणून कौसल्यानं हेही पाणी भरलेल्या परातीत ठेवलं, उत्तरेला तोंड करून. रोज पाणी बदलायची, पाठीवर हळदकुंकू वाहायची.

"आई वं, ते काठावर चढून राहिलं. त्याले बाहेर याचं आहे," भूमिका म्हणायची.

"देवाजवळ आहे ते, बाळा. बसू दे."

महिनाभरानं कासवानं खाणं सोडलं. डोळे सुजून मिटले, नाकातून फेस यायला लागला. मायलेकी त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर उत्तरा बघतच राहिल्या. "अहो, हे पाण्यातलं नाहीच. कोरड्या माळावरचं आहे. महिनाभर भिजत ठेवलंत? न्यूमोनिया झालाय. आणि हे पाळणं गुन्हा आहे. आजच वनखात्याच्या उपचार केंद्रात न्या."

घरी हे ऐकताच धर्मेंद्र दारात आडवे आले. "पागल झाली का? पोलीस केस होईन. अन् लक्ष्मीले हातानं कोणी घराबाहेर काढते का? मेलं तर गणपतीसारखं कन्हान नदीत शिरवून देऊ."

"शिरवून देऊ?" कौसल्याचा आवाज चढला. "जिवंत जीव आहे तो! पोरगी महिनाभर सांगून राहिली, अन् मी मुडदी त्याच्यावर कुंकू टाकत बसली!"

"हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या! कुत्रं असतं तर भुंकून तरी सांगितलं असतं. आवाज नाही म्हणून आणलं तुम्ही याले, अन् आवाज नाही म्हणूनच मारून राहिलो आपण! काहून आडवे आले? सरका!"

धर्मेंद्र सरकले.

तिनं पूजेचं कोरडं सोवळं कासवाभोवती गुंडाळलं, भूमिकाला स्कूटीवर मागे बसवलं आणि केंद्र गाठलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं रजिस्टर उघडलं. "रस्त्यावर सापडलं ना, ताई? सगळे तसंच सांगतात."

भूमिका आईकडे बघत होती.

"नाही. आमच्या घरचं आहे. नवऱ्यानं आणलं, मी भिजवलं. दोघांची नावं लिहा."

"नवऱ्याचं नाव?"

उखाण्याबाहेर जे नाव तिनं बारा वर्षांत घेतलं नव्हतं, ते आडनावासकट सांगितलं. त्याच्यामागे स्वतःचं. कर्मचारी पेन धरून तिच्याकडे बघतच राहिला.

"लिहा नं मंग!" ती कडाडली. "नाही तर राहू द्या ते लिहिणं. आधी याले आत न्या."