एकच गोळी, दोन आवाज

सूतगिरणीच्या पहारेकऱ्यांना त्या काळी बंदूक मिळायची आणि बंदुकीबरोबर एक नियम: चोर दिसला तर सरळ आभाळात एकच गोळी झाडायची. दुसरी झाडली की बदली, नदीपलीकडच्या गोदामावर. तिथे उंदरांनासुद्धा करमत नसे.

एका संध्याकाळी बाळ्याने गोळी झाडली. बाळ्या म्हणजे चाळिशी उलटलेला, झुपकेदार मिशांचा गडी. पण ताईने त्याला आईच्या माघारी वाढवला होता, म्हणून तो बाळ्याच. त्याने सांगितलं, "चोर होता. एकच झाडली, हवेत." मैदानापलीकडची कामगार वसाहत म्हणाली, "दोन. आधी ताड्, मग धब्." या वसाहतीचं नळाच्या वेळेवरही कधी एकमत झालं नव्हतं, ते इथे झालं. काडतुसं मोजायची पद्धत गिरणीत नव्हती, म्हणून साहेबांनी माणसं मोजली आणि बाळ्याची बदली ठरवली.

ताईला ही बदली नकोच होती. घरात दोघंच. बाळ्या गेला तर दिवसभर भांडायचं कुणाशी?

तिने शेजारच्या फौजीकाकांना गाठलं. काका सैन्यातून परतल्याला जमाना लोटला होता, पण लढाईबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे त्यांना गॅस सिलिंडरचा नंबर कधी लागेल, एवढंच विचारत. ताईचं ऐकताच ते बूट घालूनच बाहेर आले.

"ताई, रायफलची गोळी आवाजाच्याही पुढे पळते. जाताना हवा फाडते, तो ताड्. बंदुकीचा बार मागून रमतगमत येतो, तो धब्. गोळी एक, आवाज दोन!"

"हे साहेबांना सांगाल?"

"सांगतो काय, ऐकवतो!"

सुट्टीच्या दिवशी वसाहतीतल्या लोकांना बाहेर काढलं. वसाहतीच्या कडेच्या ओट्यावर साहेब खुर्ची टाकून बसले, शेजारी ताई आणि बाळ्या उभे राहिले. काकांनी पार गिरणीच्या फाटकापाशी उभं राहून, गोळी ओट्याजवळून जाईल असा, वसाहतीमागच्या मातीच्या टेकाडावर नेम धरला.

ताड्! मग, जरा दमाने, धब्.

"कमाल आहे!" साहेब म्हणाले. "ही एकच?"

"एकच, साहेब," ताई म्हणाली. हे सगळं जणू तिनेच शोधून काढलं होतं.

"मग बदली रद्द."

इथे थांबायचं होतं. पण काका लांब होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही, आणि जन्मात पहिल्यांदा श्रोते मिळालेला माणूस एका गोळीवर थांबतो थोडाच! त्यांनी बंदूक आभाळाकडे केली.

धब्.

साहेब कान देऊन बसले. "ताड् कुठे गेला?"

काका धापा टाकत, लग्नघरातल्यासारखे खुशीत आले. "ही हवेत झाडली ना, साहेब! ताड् फक्त त्यांनाच ऐकू येतो, ज्यांच्या अंगावरून गोळी जाते. हवेत झाडली तर नुसता बार."

साहेब सावकाश बाळ्याकडे वळले. "आणि त्या दिवशी तो अख्ख्या वसाहतीने ऐकला."

बाळ्या मिशा चावू लागला.

"बाळ्या," ताई म्हणाली, "चोर होता ना रे?"

"कुत्रा होता. माझा डबा घेऊन पळाला, वसाहतीकडे."

"लागली?"

"नाही."

"घरात खिळा ठोकताना बोट सोडून काही लागत नाही तुला, कुत्रा कसला लागतोय!"

बदली खरोखरच रद्द झाली; साहेब शब्दाचे पक्के. माणसांच्या घरांवर गोळी झाडल्याबद्दल बाळ्याची नोकरीच गेली. काकांचे मात्र साहेबांनी हात हातात घेऊन आभार मानले.

घरी परतताना काकांची मान ताठ होती. "शास्त्र सिद्ध झालं की नाही, ताई?"

"झालं हो. बाळ्या कुठे जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आता तो कुठेच जात नाही." ताईने पदर खोचला. "उद्या सकाळपासून पाठवते तुमच्याकडे. संध्याकाळपर्यंत शिकवा त्याला. आणि जेवायलाही घाला."