पिवळ्या पायांची पाखरं

राणीसावरगावच्या अलीकडं, डोंगराला टेकून एक वाडी आहे. वाडीच्या मधोमध वड, वडाभोवती दगडी पार, आणि पारावर सकाळपासून बसलेले बापे. बाईमाणूस पारापुढून जाणार असेल तर डोक्यावर पदर, मान खाली आणि चपला हातात. का, तर मान राखायचा. कुणाचा मान, ते मात्र विचारायचं नाही. देवाचा म्हणावा तर पारावर देव नाही. मारुती गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटाच बसलेला असतो, शनिवार सोडला तर त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. पारावर असतात दत्तराव, आश्रुबा आणि त्यांचे तंबाखूचे सोबती. दिवसभर पत्ते कुटणाऱ्या आणि दात कोरणाऱ्या या माणसांसाठी वाडीतल्या बाया अनवाणी चालत आल्या.

माती होती तोवर निभलं. मग सिमेंटचा रस्ता झाला. उन्हाळ्यात भरदुपारी त्या रस्त्यावर भाकर टाकली तर फुगेल. त्यात चतुराबाईच्या उजव्या तळपायाला कुरूप झालेलं. परभणीच्या डॉक्टरनं ते कापून काढलं आणि बजावलं, "मावशी, अनवाणी फिरलात तर परत होईल. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

तिचा नवरा बन्सीधर दिवसभर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, बैलांपाशी असायचा. त्याला दुपारची भाकर पोचवायची तर वाट पारापुढूनच. दुसरी वाट ओढ्यातून होती, पण तिकडं वेड्या बाभळीनं काट्यांचा बाजार मांडलेला.

"भावजीला सांगा की," ती नवऱ्याला म्हणाली. "पाय जळायलाय माझा."

दत्तराव बन्सीधरचा थोरला चुलतभाऊ. बन्सीधर भला माणूस, पण दत्तरावापुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

"सांगतो," तो म्हणाला. आणि सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात वड असा लदबदून पिकला की पानांपेक्षा लाल फळंच जास्त दिसायला लागली. आणि एका सकाळी दत्तरावाच्या पांढऱ्याशुभ्र टोपीवर वरून काहीतरी पचकन पडलं. त्यानं टोपी काढून बघितली. आश्रुबा हसला, तर त्याच्या पिसलेल्या पत्त्यांवर पडलं. पाठोपाठ पिकलेली फळं टपाटप यायला लागली. मध्येच वरून कुणीतरी शीळ घातली. हळू, लांबवलेली, खाली येऊन परत वर जाणारी. अगदी माणसासारखी.

सगळ्यांनी वर बघितलं. पानं होती. दुसरं काही नव्हतं.

"मुंजा हाय," आश्रुबा म्हणाला.

"मुंजा पिंपळावर ऱ्हातो, येड्या. वडावर न्हाई."

"मंग बदली झाली असंल."

दोन-तीन दिवस त्यांनी तग धरला. डोक्यावर टॉवेल घेतले, पोतं बांधून बघितलं. शेवटी मुकाट्यानं उठून पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथून रस्ता दिसत नव्हता. कोण गेलं, कोण आलं, काही कळेना. कोंड्यानं शिंका तेवढ्या यायच्या.

त्या दुपारी चतुराबाई आली. सवयीनं चपला काढल्या, पदर ओढला, चार पावलं भाजत टाकली आणि थांबली. पारावर कुणी नव्हतं. तिनं इकडंतिकडं बघितलं, चपला खाली टाकल्या आणि पायात सरकवल्या. मग मान वर केली.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती या झाडापुढून जात होती, पण वडाचा शेंडा तिनं आज पहिल्यांदा बघितला. खाली मान घालून चालणाऱ्या बाईला झाड म्हणजे नुसतं बुड. बापे तरी कुठं वर बघत होते? त्यांचे डोळे रस्त्याला चिकटलेले.

बराच वेळ तिला पानंच दिसली. मग एक पान सरकलं. त्या पानाला पाय होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक. एक दिसलं तशी शेजारची दिसायला लागली. फांदीफांदीवर, उन्हाला पाठ देऊन, गप्प. छाती आंब्याच्या कोयीभोवतीच्या गरासारखी पिवळी, डोकं राखाडी, पाठ हिरवट, खांद्यावर जांभळा शिडकावा. अंगानं पारव्याएवढी, पण पारवा यांच्यापुढं नुसता धुळीचा गोळा.

"हरियाल," ती स्वतःशीच म्हणाली.

माहेरी डोंगरात बापानं दाखवली होती. बाप म्हणायचा, हे पाखरू जमिनीला पाय लावत नाही. खरंखोटं त्यालाच माहीत, पण खाली उतरलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. डोंगरातले उंबर माणसांनी तोडले, उरलेले वणव्यात गेले. पोट भरायला पाखरं वाडीत आली आणि नेमकी पारावरच्या वडावर आली.

"पाखरू शाणं हाय," ती म्हणाली. "आपले पाय भाजून घेत न्हाई."

मग ती सकाळीही काहीतरी निमित्त काढून तिकडं जायला लागली. ऊन कोवळं असताना थवा शेंड्याच्या वाळक्या फांदीवर अंग शेकत बसे. मग एकेक पाखरू पानांत शिरे, पायांनी डहाळी धरून उलटं लटके आणि फळ तोडून आख्खं गिळे. एकाच फळावरून दोघांची जुंपे. बाकीची फांदी भरून पिकलेली असताना.

"आपल्या भावकीवानीच की," दत्तरावाची बायको पार्वतीबाई म्हणाली. तीही आता येत होती. पायात चपला, डोक्यावर नवऱ्याची छत्री. पारावर टेकायचं तर छत्री लागायचीच. हळूहळू आणखी बाया आल्या. कुणी शेंगा फोडायला आणल्या, कुणी लसूण. दगडाला पाठ लावली की पाठ किती गार पडते, हे त्यांना तेव्हा कळलं.

हे गिरणीच्या ओट्यावर पोचायला कितीसा वेळ? आश्रुबानं फटाक्यांची माळ आणली. माळ उडाली तसा सगळा थवा पंख फडाफडा वाजवत उठला. वडानंच टाळ्या पिटल्यासारखं वाटलं. एक गरका डोंगराकडं मारून, बाप्यांची तंबाखू मळून होईतो पाखरं जाग्यावर परत.

"फांद्याच तोडून टाकू," आश्रुबा म्हणाला.

"आन मंग बसायचं कुटं? तुझ्या डोस्क्याच्या सावलीत?" दत्तराव म्हणाला. फांदी वाचली ती अशी. झाडाच्या मायेनं नव्हे, बुडाच्या सोयीनं.

पण वडाची फळं म्हणजे काही कायमची नाहीत. ती संपली आणि एका सकाळी शीळ आली नाही. चतुराबाईनं शेंड्याकडं बघितलं. वाळकी फांदी मोकळी होती.

बाप्यांनी त्याच दिवशी टँकर लावून पार धुतला. पत्त्यांचा नवा जोड आला. दुपारी चतुराबाई टोपलं घेऊन वळणावर आली, तर सगळे आपापल्या जागी, काही झालंच नाही असे. रस्ता तापून पांढरा पडलेला. पार्वतीबाई दारात उभी राहून बघत होती.

चतुराबाईनं चपला काढल्या नाहीत.

दत्तराव खाकरला. ही खाकर वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. भाया, म्हणजे थोरला दीर, भावजयीशी बोलत नाही, खाकरतो.

पाय आपोआप चपलेतून निघायला लागला. तळव्याला रस्त्याची आच लागली, तसा तिनं तो परत आत घातला. आणि जन्मात पहिल्यांदा थेट दत्तरावाकडं बघून बोलली.

"भावजी, टोपी संभाळा. तुमच्या डोईवरच बसलंय एक."

दत्तरावानं टोपीवर हात ठेवून मान वर केली. आश्रुबानं पत्ते पोटाशी धरून वर बघितलं. सगळा पार डोळे बारीक करून पानं धुंडाळायला लागला. कुणाला वाटलं पान हललं, कुणाला पाय दिसले.

"त्ये बघ तितं."

"कुटं?"

आणि त्यांच्या पुढ्यातून चतुराबाई चालली, फटक फटक फटक, मान ताठ, पदर खांद्यावर. दारात पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला, तो काही लाजेनं नव्हे.

आखाड्यावर बन्सीधरानं भाकर मोडता मोडता सगळं ऐकलं. त्याचा घास हातात राहिला.

"वर एक बी न्हवतं?"

"कवाच गेलीत."

"दत्तूदादाशी खोटं बोललीस?"

"आज बोलले. उद्या तसंच जाणार. हळूहळू सवय व्हईल त्याह्यला." तिनं पाय लांब करून सावलीत ठेवले आणि तळवा चाचपला. कातडी मऊ होती. "तुमी बी सवय करा."

बन्सीधर हसायला लागला आणि त्याला ठसका लागला. तिनं त्याच्यापुढं तांब्या सरकवला.

विहिरीवरच्या उंबरातून शीळ आली. ती उठली, चपला घातल्या आणि उंबराखाली जाऊन मान वर करून उभी राहिली.