बाबांचं अर्धं गोंदण

“लुंगी जरा वर घ्या, एतुआले,” डॉक्टर सिना म्हणाल्या. माझ्या बाबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

गोंदण! आमच्या सामोआत पुरुष कमरेपासून गुडघ्यापर्यंत पेआ गोंदवून घेतो. बाबांनी तरुणपणी सुरू केलं आणि एकच मांडी झाल्यावर पळ काढला. दुखलं म्हणून! अर्धं गोंदण म्हणजे आमच्याकडे लाजच, म्हणून आयुष्यभर बस चालवली ती घोट्यापर्यंत लुंगी सोडून.

आतड्यात गाठ होती. पण डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाल्या, “गाठीपेक्षा मला रक्तातल्या सुजेची धास्ती असते. ती भडकली की शरीर आतून झिजतं, मग ऑपरेशन झेपत नाही. तुमची कमी आहे. जायच्या आधी पुन्हा तपासू, की चला ऑपरेशनला ऑकलंडला!”

मी तिथेच उडी मारली.

बाबा मात्र थेट गोंदणाऱ्याच्या घरी गेले.

“आत्ता?” फेतू आत्या ओरडली. “ऑकलंडच्या नर्सांना दाखवायचंय होय रे?”

“अर्ध्या गोंदणाने मेलो तर वर स्वर्गात तुझा गेलेला नवरा मला शेजारी बसू देईल का?”

“तो स्वतःच कुठे बसत होता? सारखा लोळायचा!”

गोंदायचा हाडाचा कंगवा टकटक वाजत राहिला. आम्ही बायकांनी गाणी म्हटली, मी पंखा हलवला. बाबांनी आत्याचा हात चावला, पण या खेपेला पळाले नाहीत. शेवटी बेंबीवरची खूण झाली. मी एवढी नाचले की चटई फाटली.

पुन्हा रक्त तपासलं, तर सूज कितीतरी वाढलेली. डॉक्टरांनी बाबांचे सुजलेले पाय पाहिले आणि डोक्याला हात लावला.

“अहो, मग ही गोंदणाचीच सूज!” मी छाती काढून म्हणाले. “आजाराची नाहीच मुळी!”

“असेलही. जखमा भरू देत.”

जखमा भरल्या. खोबरेल लावलेली कातडी नुसती चमकत होती. तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“आता ही सूज गोंदणाची नाही, एतुआले. ऑपरेशन झेपणार नाही तुम्हाला. औषधं इथेच घेऊ.”

“तेव्हाच गेलो असतो तर?” बाबांनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही.”

मी वाद घालायला तोंड उघडलं. पण बाबा माझा हात धरून उठले. “चल पोरी. त्यांना दुसरे पेशंट आहेत.”

शनिवारी गावातले पुरुष झऱ्याच्या कुंडावर आंघोळीला जमतात. मी काठावर थांबले, बाबा भर उन्हात तिथे गेले आणि लुंगी मांड्यांपर्यंत खोचून पाण्यात उतरले. बरगड्या मोजता येत होत्या. सगळे सरकले, मधली जागा मोकळी झाली.

“बघता काय, पाठ चोळा रे कुणीतरी!” बाबा म्हणाले.

बंदरावर पोती उचलणारा दांडगा सेमीसी उठला. तो इतक्या हळू चोळत होता की साबणाला फेसही येत नव्हता.